टोपीवालीचा शेवट

दादा, तुझ्या बाराव्याला जेवून उठलेली माणसं पडवीत टेकली आणि पानाचं तबक फिरून येईपर्यंत तुझा विषय सोडून पिक्चरवर आली. माणूस गेला की लोक त्याचा स्वभाव आठवतात, हातगुण आठवतात. तुझं त्यांना ते टोपीवालीचं पिक्चर आठवलं. रुक्मिणकाकीने डोळ्यांना पदर लावला. "कसो सांगी होतो गो तुझो दादा! ती म्हातारी शेवटाक रडता ना, तेव्हा माझ्या अंगार काटो इलेलो." मी तबक धरून तशीच उभी. ती म्हातारी रडत नाही, काकी, ती हसते, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मेलेल्या भावाला त्याच्याच बाराव्याला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं. मी सुपारी पुढे केली आणि आत गेले.

म्हणून हे लिहायला बसले आहे. तू असतास तर वाचलं नसतंस, लाल पेन घेऊन तपासलं असतंस. आता ती सोय उरली नाही, तेव्हा निमूट ऐक.

आपल्या गावच्या फेस्ताला चर्चच्या मैदानात पडदा लागायचा. फादर पणजीहून मशीन आणि रिळांचे डबे मागवायचे. तिकडे मिळायची ती सगळी इंग्रजी पिक्चरं, आणि मैदानात चटया टाकून बसलेल्या हिंदू-ख्रिस्ती सगळ्या वाड्यांत मिळून इंग्रजी धड समजणारे दोघेच, फादर आणि तू. मग मशीनशेजारी खुर्ची टाकून, माईक हातात धरून तू पडद्यावरचं सगळं मालवणीत सांगायचास. हायस्कुलात इंग्रजी शिकवताना तुझ्या कपाळावरची आठी मोडत नसे. माईक हातात आला की मात्र तू कोणी दुसराच व्हायचास. लंडनचा मोठा सरदार तुझ्या तोंडून "अगो बाय माझे!" म्हणायचा आणि पोलीस चोराला "रे मेल्या, थांब" म्हणून हाक मारायचा.

मुक्याचा सीन आला की फादर भिंगापुढे हात धरायचे. पडदा काळा व्हायचा आणि काळोखातून तुझा गंभीर आवाज यायचा, "आता ती दोघां एकमेकांची विचारपूस करतत." एकदा विचारपूस फारच लांबली, तेव्हा मागून आंतोनमाम ओरडला, "मास्तर, घरच्या सगळ्यांची करतत काय?" हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. त्यानंतर वर्षभर गावात नवीन लग्न झालेलं जोडपं दिसलं की लोक विचारायचे, विचारपूस बरी चल्ली मां? त्या खुर्चीतल्या दादाचा मला फार अभिमान होता. आज राग कितीही आला तरी तेवढं पुसून टाकता येत नाही.

टोपीवालीचं पिक्चर जुन्या काळातलं होतं. समुद्रकाठचं गाव, टोप्यांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आणि आरमारातला एक तरुण. लढाई आज पेटते की उद्या, अशी हवा. त्याला जायच्या आधी आठ दिवसांची रजा मिळते. सगळे नको नको म्हणत असताना दोघं लग्न करतात, ते आठ दिवस एकत्र काढतात, तो जातो आणि परत येत नाही. शेवटी तीच मुलगी म्हातारी होऊन त्याच दुकानात बसलेली असते. टोपी घ्यायला आलेली एक तरुण पोर तिला विचारते, की तेव्हा केलंत ते बरं केलंत का. म्हातारी खिडकीतून समुद्राकडे बघते, तिचे डोळे भरतात, एक वाक्य बोलते, आणि पिक्चर संपतं.

तुझं वाक्य मला पाठ आहे. सगळ्या गावाला पाठ आहे. "म्हातारी म्हणता, माझां चुकलां गो बाये. घरच्यांचां आयकूक व्हयां होतां. आठ दिसांच्या सुखापायी सगळो जल्म फुकट गेलो."

त्या आठवड्यात आपल्या घरात काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहे. तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. आंबोलीचं स्थळ आलं होतं. दत्ताराम, फौजेतला, महिनाभराच्या रजेवर आलेला. काकाला घेऊन मला बघायला आला, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्याने एकच प्रश्न विचारला होता. "आमच्या थंय पाऊस इतको की कपडे चुलीर सुकवचे लागतत. चलात तुका?" मी म्हटलं, "चलात." "मग येताना छत्री बरी बघून घी," तो म्हणाला, आणि तुझ्याखेरीज सगळे हसले. पेपरात रोज राजस्थानकडे फौजा हलल्याच्या बातम्या. त्याची रजा कधीही रद्द होईल, त्याआधी लग्न उरकून घेऊ, असं त्यांच्याकडून निरोप आला. आई राजी होती. मी तर होतेच. तू पंचांग उघडायचास, बोट ठेवायचास आणि पुन्हा मिटायचास.

का, ते मला कळत होतं. बाबा पासष्टच्या लढाईवर गेले ते गेलेच. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, मला त्यातलं काही आठवत नाही. तू शाळेत जायच्या वयाचा होतास, तुला सगळं आठवत होतं. आईच्या बांगड्या कोणी फोडल्या, कुठल्या दगडावर फोडल्या, हेही तुला माहीत होतं, आणि त्या दगडावर तू जन्मात कधी बसला नाहीस. हे सगळं मला मान्य आहे, दादा. पण भीती वाटते असं सरळ सांगता आलं असतं. मी ऐकून घेतलं असतं, भांडले असते, रडले असते आणि मग काय ते ठरवलं असतं.

त्याऐवजी तू माईक हातात घेतलास.

दुसऱ्या दिवसापासून गावात त्या टोपीवालीचा निवाडा सुरू झाला. विहिरीवर रुक्मिणकाकी म्हणाली, "इतक्यो टोपयो घालून मिरवली, पण डोक्यात उजेड पडाक म्हातारपण येवचां लागलां." सलूनवाला गणपत म्हणाला की चूक त्या सायबाचीच, "लढाय दारात आणि ह्याका लगीन कित्याक व्हयां?" आंतोनमामचं मत पडलं की गोऱ्यांना मुळात घाई फार, त्यांचं जेवणही उभ्याउभ्याने. कोणी म्हणालं दोष तिच्या आईबापाचा, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पोर ताळ्यावर आली असती. कोणी म्हणालं पोर वाईट नव्हती, वेळ वाईट होती. पण फिरून फिरून भोपळे चौकात, तसे सगळे शेवटाला एकाच ठिकाणी यायचे. ती स्वतःच म्हणाली ना चुकलं म्हणून? मग झालं तर. आणि बोलता बोलता माझ्याकडे बघायचे. आंबोलीचं स्थळ काही लपून राहिलं नव्हतं.

एकट्या आईचं मत वेगळं होतं. मैदानातून घरी येताना ती म्हणाली, "ती बाय असां म्हणूची नाय." तू कंदील वर धरलास आणि म्हणालास, "आई, तुका इंग्रजी कधीपासून येवक लागलां?" बरोबरची सगळी माणसं हसली. मीही हसले. आई गप्प बसली, आणि आपल्याकडे आई गप्प बसली की विषय संपला असं धरायची पद्धतच होती.

मी दत्तारामला नकार कळवला. तुला याचं श्रेय कोणी देणार नाही, कारण तू मला एका शब्दाने अडवलं नाहीस, आणि रुक्मिणकाकीच्या सांगण्यावरून तर मी साडीचा रंगही निवडला नसता. मी त्या म्हातारीचं ऐकलं. जिने सगळं भोगलं ती सांगते आहे, तिला खोटं बोलून काय मिळायचंय, असं मला वाटलं. तू शांतपणे पंचांग फळीवर ठेवून दिलंस आणि त्या दिवशी बाजारातून माझ्या आवडीचे मोठे बांगडे घेऊन आलास. मी ते चवीने खाल्ले, हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

लढाई झालीच नाही. फौजा गेल्या तशा परत आल्या. पेपरवाल्यांना दुसरे विषय मिळाले. पुढच्या रजेत दत्तारामचं लग्न झालं. नंतर मी शाळेची सहल घेऊन आंबोलीला गेले, तर घाटाच्या वरच्या अंगाला त्याच्या भावाचं चहाचं दुकान, आणि हा रजेवर आलेला, लहान मुलीला मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलेला. धो धो पाऊस. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "छत्री हाडलंस मां?" मग तुझी चौकशी केली, "मास्तर बरे आसत?" आतून त्याच्या बायकोने माझ्या पोरांना पुसायला कोरडं फडकं आणून दिलं. चांगली आहे बाई. मी चहा प्यायले आणि म्हटलं, असो, नशिबात नव्हतं. तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीच नव्हतं, दादा. मी खरंच असो म्हटलं होतं.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत माझ्या शाळेतल्या फिलोमिनाकडे आरोंद्याला गेले. तिच्या भावाने दुबईहून व्हिडिओ आणलेला, गोव्याहून कॅसेटी यायच्या. त्यात हे पिक्चर निघालं. मी तर टाळ्याच पिटल्या, म्हटलं, हे मला माहीत आहे, थांबा, मी सांगते तुम्हाला गोष्ट. तुझ्यासारखीच सांगू लागले. विचारपूससुद्धा सांगितली. फिलोमिनाचं घर हसत होतं. आणि शेवट आला. म्हातारीने समुद्राकडे बघितलं, तिचे डोळे भरले, ती हसली आणि म्हणाली की पुन्हा कोणी विचारलं, तर मी पुन्हा तेच आठ दिवस मागेन, दुसऱ्या कोणाचं अख्खं आयुष्य दिलं तरी मला नको.

मला सांगता येईना. फिलोमिनाच्या भावाने कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. म्हातारी पुन्हा हसली. इंग्रजी इतकं सोपं होतं की तुझ्या आठवीच्या वर्गातल्या मुलांनाही कळलं असतं. ज्या इंग्रजीने मी तुला पकडलं, ते तूच मला छडी समोर ठेवून शिकवलं होतंस.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने घरी आले. तू पडवीत बसून मासे धरायच्या गरीला दोरा बांधत होतास. मी चप्पलही न काढता विचारलं. तू मान वर केली नाहीस. "माका तितकां समजाक नाय गो. त्यांची बोली येगळी," एवढंच म्हणालास. तुला समजलं नाही! हेडमास्तरांच्या इंग्रजी पत्रात चुका काढून ते त्यांच्या टेबलावर परत ठेवणारा तू. तू अडाणी व्हायला तयार झालास, पण खरं बोलायला झाला नाहीस. मी म्हटलं, मुका झाकायचा तेव्हा फादरांचा हात सगळ्यांना दिसायचा, लोक हसायचे, त्यात फसवणूक नव्हती. शेवट झाकलास तो कोणाला दिसला? तू दोऱ्याला गाठ मारलीस, दाताने तोडलास आणि म्हणालास, "जेवान वाढ."

आपल्या भांडणातलं तुझं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर आपण मिठाचं, माशांचं आणि शाळेच्या तपासणीचं बोललो. माईक तर तू टोपीवालीनंतरच्या पहिल्याच फेस्तापासून घसा बसल्याचं निमित्त काढून नाकारला होतास. लोक घरी येऊन आर्जवं करून गेले. सांगणाराच नाही म्हटल्यावर फादरांनी पडदा लावणं बंद केलं, आणि गावात तुझं ते टोपीवालीचं पिक्चर शेवटचं ठरलं. म्हणून तर तुझा तो शेवट लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसला.

आणि तू स्वतःचं काय केलंस? बहिणीला उजवल्याशिवाय भावाने बोहल्यावर चढायचं नाही, ही आपल्या घरची रीत. मावश्या स्थळं आणायच्या, तू म्हणायचास, "आधी हिचां." माझं होईना आणि म्हणून तुझं होईना. मला पुढे कोणी विचारलं नाही असं नव्हतं, पण माझं मनच उठलं होतं. एका घरात आई आणि तिची दोन बिनलग्नाची मुलं, तिघंही एकमेकांना जपत आणि एकमेकांवर रुसून. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो म्हणतात. तू तर मला वाचवायला म्हणून खणलास आणि दोघांनाही आत घेतलंस.

तू वाईट होतास असं मी म्हणत नाही. तसं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सावंतवाडीला माझी डी.एड.ची परीक्षा होती, तेव्हा तू घावन्यांचा डबा घेऊन दिवसभर फाटकाबाहेर उभा होतास आणि मला बघताच पेपर हिसकावून घेऊन उत्तरं विचारू लागलास, डबा द्यायचं विसरूनच गेलास. वाडीतल्या बायका नाकं मुरडत असताना तू मला खाडीत पोहायला शिकवलंस. जिला पाण्यात सोडायला भ्याला नाहीस, तिला आंबोलीला पाठवायला का भ्यालास, रे?

जीपमधून तुला कुडाळच्या इस्पितळात नेत होतो तेव्हा तू माझा हात धरलास. मला वाटलं, आता बोलशील. तू म्हणालास, सातवीचे पेपर कपाटात आहेत, तपासून टाक. मी हो म्हटलं. ते तपासले मी, दादा. पण मला ते ऐकायचं नव्हतं.

बाराव्याची माणसं गेल्यावर संध्याकाळी फादर आले. आईजवळ बसले, तुझ्या आठवणी काढल्या आणि जाताना म्हणाले की यंदाच्या फेस्ताला तुझ्या आठवणीसाठी तेच पिक्चर पुन्हा आणायचं मनात आहे, पणजीला रिळं मिळाली आहेत. सांगायला मी बसेन का? मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांना इंग्रजी येत होतं. त्या दिवशी ते तुझ्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "बाय, त्या दिसा मी काय बोलूक नाय. मास्तराची माका दया इली." मी हो म्हटलं.

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं की मी सांगणार आहे, पण जे आहे तेच सांगणार आहे. आणि म्हातारीचं खरं वाक्य तिला मालवणीत ऐकवलं. मला वाटलं तिला धक्का बसेल. तिने सूप खाली ठेवलं, एवढंच.

"माका म्हायत होतां," ती म्हणाली. "ती हसा होती. चुकलां म्हणणारी बाय तशी हसता काय? आणि तुझो दादा तेव्हा पडद्याकडे बघी नव्हतो. माझ्याकडे बघून सांगी होतो."

मला कळायला जरा वेळ लागला. तू ते वाक्य माझ्यासाठी बनवलं नव्हतंस. ते तुझ्याजवळ लहानपणापासून तयारच होतं. आई मनातून हेच म्हणत असणार, असं तू त्या बांगड्यांच्या दगडापासून धरून चालला होतास.

"मग तू त्याला सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"इचारल्यानच नाय गो कधी. बापाशीचां नाव काढलां काय उठान भायर जाय." ती पुन्हा तांदळाकडे वळली. खडा बाजूला टाकत, खाली बघूनच म्हणाली, "तुझो बापूस रजेर येय, तेवढेच दीस मिळाले माका. पण ते पुरले."

दादा, ऐकलंस? सगळ्या गावाचं मत तू घेतलंस. काकीचं, गणपतचं, आंतोनमामचं, एका कागदी पंचांगाचंसुद्धा. जिच्या वतीने तू बोललास ती समोर चटईवर बसली होती, आणि तिने तोंड उघडलं तेव्हा तू कंदील वर धरून सगळ्यांना हसवलंस. एका न विचारलेल्या प्रश्नापायी दत्ताराम गेला, तुझी पोरंबाळं व्हायची राहिली, आणि माझा भाऊ जिवंत असताना माझ्याशी मिठामाशांचं बोलत राहिला. याची माफी मी कोणाकडून घेऊ? तू तर पेपर तपासायला सांगून मोकळा झालास.

रविवारी पडदा लागतो आहे. तुझी खुर्ची फादरांनी झाडून ठेवली आहे. लोक तुझाच शेवट ऐकायला येणार, हे मला माहीत आहे. मी दुसरा सांगितला की म्हणतील, बहिणीक जमलां नाय, मास्तर बरो सांगी. म्हणोत. विचारपूस मी तुझ्याच शब्दांत सांगेन, तेवढा मान तुझा. आई पुढच्या चटईवर बसणार आहे. शेवट आला की मीही पडद्याकडे बघणार नाही. तिच्याकडे बघून सांगणार आहे.